दुर्गंधावरील स्वारी आणि आबासाहेबांचे नाक

श्री. दूरदेशी नांदणाऱ्या धाकट्या कन्यारत्नांनी दूरध्वनीवरून फर्माविले की, घरी काही मोठी मोहीम जाहली, फरशा उखडल्या, वहिनी घर सोडून निघाली होती ती राहिली, आईबाबांचे काही बोलणे जाहले, ऐसे तुटक तुटक कानी आले. अर्धे ऐकू आले, अर्धे वाऱ्यावर गेले. तरी जे घडले ते, पदरचे न घालता व कोणाची भीड न धरता, साद्यंत लिहोन पाठवावे. आज्ञा शिरसावंद्य करोन, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांस पुसोन आणि ज्यांनी नाकाने भोगले त्यांची साक्ष घेऊन, हे वर्तमान लिहिले आहे. श्रवण करणारांनी नाकास रुमाल लावोन श्रवण करावे.

घर जुने. आबासाहेबांच्या तीर्थरूपांनी गल्लीच्या टोकास बांधिले, आणि मग ज्यास जेव्हां सुचले त्याने तेव्हां वाढविले. एकाने न्हाणीघर बांधिले, दुसऱ्याने त्याची कोठी केली, तिसऱ्याने जिन्याखाली शौचकूप दडविला. आणि नळ तर इतके जाहले की, कोणता कोठून निघतो व कोठे जातो हे बांधणारासही ठाऊक नव्हते. एक नळ दिवाणखान्याच्या भिंतीत शिरला तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडलाच नाही. ऐशा मुलखात गनिमास दडावयास जागा कमती नव्हती.

या मुलखाचे धनी आबासाहेब. उभी हयात साबणाच्या कारखान्यात गंधपारखी म्हणोन काढिली. कढई उतरली की पहिली वडी आबासाहेबांच्या नाकापुढे येई. त्यांनी मान हलविली तर माल बाजारात, नाक मुरडले तर माल पुन्हा कढईत. कारखान्याचे मालकही त्या नाकापुढे नरम. घरीदारीही तोच दबदबा. दूध नासले की चांगले, गादीस ओल लागली की नाही, शेजारी काय करपले, ऐसे सारे तंटे त्या नाकापुढे चालत आणि त्या निकालावर अपील नसे.

परंतु काळाची गती कोणास कळली आहे! मागल्या थंडीच्याही मागल्या थंडीत आबासाहेबांस ताप आला, आणि तो ताप उतरला तो जाताना नाकातील वास बरोबर घेऊन गेला. आबासाहेबांनी साबण हुंगिला, कॉफी हुंगिली, अखेरीस खिडकीत उभे राहोन कचऱ्याची गाडी हुंगिली. सर्व जग धुतल्या काचेसारखे जाहले. ज्या नाकावर उभ्या जन्मात माशी बसू दिली नाही, ते नाक आता केवळ चष्मा अडकविण्यापुरते राहिले. बहुत मनस्ताप जाहला, परंतु कोणापाशी चकार शब्द काढिला नाही. जो उभा जन्म नाकासाठी ओळखला गेला, त्याने नाक गेले हे कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणोन युक्ती केली. बाईसाहेब, म्हणजे कुटुंब, दुधाचे पातेले पुढे करीत, तेव्हां आबासाहेब पातेल्यावर वाकत आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बाईसाहेबांच्या मुखाकडे पाहत. मुख आंबट दिसले तर दूध नासले, मुख शांत तर दूध चांगले. ऐसा कारभार बिनबोभाट चालला होता.

तो गनीम उठला.

पहिली खबर सूनबाईंकडोन आली. सूनबाई मागल्या खोलीत पडदे शिवीत. यंत्र तेथेच, कापडाचे तागे तेथेच, गिऱ्हाईकही तेथेच बसत. हात ऐसा की पडद्याची चूण शेवटपर्यंत रेघेसारखी उतरे. एके सकाळी एक गिऱ्हाईकबाई नवा पडदा घेऊन गेल्या आणि दुपारी तोच पडदा चिमटीत धरोन परत आल्या, आणि बोलल्या की शिवण उत्तम आहे, परंतु खिडकीस लावला तो घरात गटार उघडल्यासारखे जाहले. सूनबाईंचा चेहरा पडला. वास त्यांसही येत होता. आधी वाटले गल्लीतला, मग वाटले खिडकीतला, आता तो कापडात शिरला. तेव्हां त्या थेट हुजुरात गेल्या.

"बाबा, मागच्या खोलीत गटाराचा वास येतोय. तुम्ही एकदा बघा ना."

आबासाहेब उठले, मागल्या खोलीत गेले, छाती भरोन श्वास घेतला. काहीच नाही. सवयीने बाईसाहेबांच्या मुखाकडे पाहावे तो बाईसाहेब पडशाने बेजार, डोळे लाल, नाक चोंदलेले. त्या मुखावरोन दूध, गटार आणि गुलाब यांत काही फरक कळेना. आरसाच फुटला. तेव्हां आबासाहेबांनी धीर धरोन निकाल दिला की, या घरास वास नाही. असता तर पहिला आम्हांस आला असता.

"म्हणजे मला भास होतोय?"

"गिऱ्हाइकाचं काय घेऊन बसलीस? नाकानं कांदे सोलणारी माणसं असतात," ऐसे आबासाहेब वदले, आणि वदताच मनात चपापले. सूनबाईंनी पडद्याची घडी केली आणि दार लोटोन घेतले. लग्न होऊन आल्यापासोन त्या दाराची कडी आतोन लागल्याचा आवाज आबासाहेबांनी प्रथमच ऐकिला.

येणेप्रमाणे घरात दोन तट पडले. सूनबाई म्हणत वास आहे, आबासाहेब म्हणत नाही. बाईसाहेब शिंकत. थोरले चिरंजीव, जे आगारात गाड्यांची वेळापत्रके लावितात, ते तटस्थ संस्थान. बापापुढे म्हणत की नसेल, बायकोपुढे म्हणत की असेल, आणि जेवताना ताटाबाहेर पाहत नसत. परंतु गनीम कोणाच्या मान्यतेसाठी थांबला नाही. आणखी दोघी गिऱ्हाईकबाया फिरल्या. तिसरीने दारातोनच पदार्पण आवरते घेतले. सूनबाईंनी मग चिरंजीवांस निर्वाणीचा खलिता दिला, तो आबासाहेबांनी जिन्यात उभे असता अनायासे ऐकिला.

"मी दोन गल्ल्या सोडून एक जागा बघितलीय. दोन खोल्या आहेत, उजेड आहे. वासाचं काय, आज ना उद्या तो जाईल. पण मी खोटारडी ठरून इथे नाही राहायची."

चिरंजीव बोलले, "बाबांना आला असता गं वास, असं मला वाटतं..."

"मग तू राहा बाबांच्या नाकाबरोबर."

हे ऐकोन आबासाहेबांनी मनात हिशेब मांडिला. सून गेली म्हणजे लेक गेला, लेक गेला म्हणजे घर म्हणजे चार भिंती आणि आठ नळ. खरे सांगावे तर नाक जाते, न सांगावे तर घर जाते. आबासाहेबांनी जिन्यातच बहुत विचार केला, आणि थोर पुरुष पेचात सापडले म्हणजे जे करितात तेच केले. मोहीम पुकारली. जेवणाच्या मेजावर जाहीर केले की, वास आहे की नाही हा प्रश्न अलाहिदा. परंतु घर जुने आहे, नळ जुने आहेत, एकदा सारे तपासोन घेऊ, खासा आम्ही पुढे राहू. सूनबाईंनी मान वर केली नाही, परंतु जागेचा निरोप तूर्त तहकूब ठेविला.

नळकामासाठी त्या भागातील नामांकित सरदार बोलाविले. त्यांचे खरे नाव कोणास ठाऊक नाही. हाती सदैव लोखंडी पाना, त्यानेच नट फिरवीत, त्यानेच पाठ खाजवीत आणि त्यानेच नकाशावर दाखवावे तशी भिंत दाखवीत, म्हणोन लोक पानाबहाद्दर म्हणत. पानाबहाद्दरांची रीत ऐसी की 'निघालोच' म्हणजे अंथरुणात आहेत आणि 'पोचलोच' म्हणजे दात घासतात. 'उद्या नक्की' ऐसे बहुत उद्या गेल्यावर ते एकदाचे डेरेदाखल जाहले, आणि दारातच नाक उडवोन बोलले, "अहो, हा तर साधा प्रकार आहे. आत्ता काढतो."

पहिला हल्ला मुदपाकखान्यावर. भांडी घासण्याच्या कुंडीखाली नळाचे वाकडे वळण, त्यात खरकटे बसोन सडले असावे ऐसी मसलत ठरली. पानाबहाद्दरांनी पाना लावला, ताकद केली, आणि खाली बादली ठेवणे राहोन गेले हे त्यांस पाणी अंगावर आल्यावर आठवले. मुदपाकखान्यात पूर आला. कांद्यांची टोपली तरोन गेली. बाईसाहेब खुर्चीवर चढोन शिंकत राहिल्या. वळणातोन एक चमचा, बाटलीचे बूच आणि चिरंजीवांच्या लहानपणीचा खेळातला सैनिक निघाला. तो सैनिक तेवढा अखेरपावेतो ठाण्यावर उभा होता. वळण धुवोन परत बसविले आणि सर्वांनी आबासाहेबांकडे पाहिले. आबासाहेबांनी डोळे मिटोन, नाक वर करोन, फत्ते जाहीर केली.

दुसरे दिवशी सकाळी सूनबाईंनी मागल्या खोलीच्या सर्व खिडक्या उघडल्या आणि यंत्र अंगणात नेले. त्यावरोन काय ते कळले.

दुसरा हल्ला जिन्याखालील शौचकुपावर. पानाबहाद्दरांनी जाहीर केले की बैठकीचा सांधा सुटला आहे, नवा सिमेंटचा लेप दिला की बंदोबस्त होईल, तोवर तेथे कोणी जाऊ नये. त्या दिवशी सर्व मंडळींनी शेजाऱ्यांची दारे ठोठाविली, आणि ज्या शेजाऱ्यांशी बाईसाहेबांचे मांजरावरोन बोलणे बंद होते, त्यांशीही नाइलाजाने तह करावा लागला. लेप वाळला. आबासाहेबांनी पुन्हा फत्ते जाहीर केली, या खेपेस अमळ मोठ्या आवाजात. सूनबाईंनी त्यांच्या मुखाकडे बहुत वेळ टक लावोन पाहिले. संशय नव्हे, दुःख होते. इतका जाणता माणूस केवळ हट्टापायी डोळ्यांदेखत लटके बोलतो, ऐसे त्या दृष्टीत होते, आणि आबासाहेबांस ते तोफेच्या गोळ्यापेक्षा जड गेले. रात्री ताट तसेच सारले.

तिसरा हल्ला गच्चीवर. सर्व मैल्याच्या नळांचा वारा बाहेर काढणारा एक उंच नळ तेथे उभा आहे. पानाबहाद्दरांनी त्यावर चढोन नवी टोपी बसविली, आणि उतरताना शिडी अडकली म्हणोन दुपारपावेतो तेथेच तळ देऊन राहिले. त्यांस टोपलीतोन भाकर-तुकडा वर पोचविण्यात आला. गनीम मात्र खाली मागल्या खोलीत आरामात होता.

मग पानाबहाद्दर इरेस पेटले. त्यांनी पान्याने मागल्या खोलीची फरशी ठोकोन कौल दिला की गनीम याच खाली आहे, सारी जमीन उखडावी लागेल, यंत्र, तागे, कपाट सर्व हलवा. कोणी हो म्हणण्याच्या आत दारालगतच्या दोन फरशा उखडल्यासुद्धा. खाली केवळ माती निघाली, आणि ती मातीही निर्मळ. सूनबाई दारात उभ्या होत्या.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "खोली उखडायचीच आहे तर मी रिकामी करून देते."

आणि मग त्यांनी तागे गुंडाळिले, दोऱ्यांची रिळे डब्यात भरिली, कात्र्या कापडात बांधिल्या. दुपारून टेम्पो यावयाचा होता. चिरंजीवांनी आगारातून रजा काढिली आणि गाठोड्यांमध्ये ऐसे उभे राहिले की आपणही एक गाठोडे आहो, ज्याने उचलावे त्याचे. बाईसाहेब स्वयंपाकघरात डोळे पुशीत होत्या. पडसे की रडे हे त्यांचे त्यांसच ठाऊक.

तेव्हां आबासाहेबांस कारखाना आठवला. कारखान्यात वाफेचा नळ कोठे फुटला हे कळेना, तर एका टोकातोन पुदिन्याचा कडक अर्क सोडीत; जेथे चीर, तेथे पुदिना बाहेर पडे. अर्काची एक कुपी माडीवर ट्रंकेत होती. ती काढोन आबासाहेबांनी सर्वांस दिवाणखान्यात जमविले आणि तजवीज सांगितली की, गच्चीवरील उंच नळात अर्क व कढत पाणी ओतावे, घराच्या खिडक्या लावोन घ्याव्या, आणि मग खाली घरात जेथे पुदिन्याचा वास येईल तेथे गनिमाचे भुयार आहे ऐसे समजावे. मात्र एक अट. जो ओतील त्याच्या अंगास वास लागतो, म्हणोन त्याने खाली येऊ नये आणि त्याने शोध घेऊ नये.

अट सांगताना आबासाहेबांच्या मनात काय होते हे सुज्ञांनी ताडले असेल. ओतणारास हुंगावे लागत नाही. म्हणोन कुपी बगलेत मारोन ते जिन्याकडे वळले.

"अहो, तुम्ही कुठे?" बाईसाहेबांनी वाट अडविली. "तुमचं नाक खाली हवं. ओतायला काय, पानाबहाद्दर ओततील."

पानाबहाद्दरांनीही मान तुकविली, "साहेब, तुमच्या नाकाची कीर्ती मी लहानपणापासनं ऐकतोय. तुम्ही वर गेलात तर माझ्या धंद्याला बट्टा," आणि कुपी काढोन घेतली. चिरंजीवही प्रथमच एका पक्षाचे जाहले, "बरोबर आहे. बाबाच हवेत खाली." आपणच रचिलेल्या कीर्तीच्या कोटात आबासाहेब ऐसे कोंडले गेले. सूनबाई मात्र गाठोड्यावर बसोन होत्या.

पानाबहाद्दर गच्चीवर गेले. चार थेंब सांगितले होते. सरदारांस थेंब ठाऊक नव्हते, त्यांनी कुपी उपडी केली आणि वरोन कढत पाण्याची किटली रिचविली.

आबासाहेब एकटे निघाले. हात पाठीशी, नाक पुढे, पाऊल सावकाश. दिवाणखाना पाहिला, मुदपाकखाना पाहिला, जिन्याखाली वाकले, प्रत्येक ठिकाणी थांबोन खोल श्वास घेतला आणि मोठ्याने फर्माविले, "इथे काही नाही." मग मागल्या खोलीलगतच्या जुन्या कोठीत शिरले. तेथे मोठे लाकडी कपाट, मोडक्या खुर्च्या, रंगाचे डबे. कोठीत नळ नाही म्हणोन पानाबहाद्दरांनी ती पाहिलीच नव्हती. आबासाहेबांनी कपाटापाशी नाक नेले, डोळे मिटले.

तोवर घरात हाहाकार उडाला होता. पुदिना कोठीतोन निघोन मागल्या खोलीत, तेथोन दिवाणखान्यात पसरला. चिरंजीवांच्या डोळ्यांतोन पाणी आले. बाईसाहेबांचे इतक्या दिवसांचे चोंदलेले नाक फटकन मोकळे जाहले आणि त्या ओरडल्या की अगं बाई, कुणी काय सांडलं हे! मांजर आणि त्याचा धनी शेजारी दोघेही कुंपणावर आले. सूनबाई तोंडास कापड लावोन कोठीच्या दारात धावत आल्या, तो आत आबासाहेब कपाटास नाक भिडवोन, जणू बागेत उभे आहेत ऐसे शांत उभे.

"इथेही काही नाही," आबासाहेबांनी निकाल दिला.

सूनबाई दारातच थांबल्या. कापडाआडोन त्यांचे डोळे लाल जाहले होते. त्यांनी आबासाहेबांस पाहिले, कपाट पाहिले, आणि मागे वळोन हळूच कोठीचे दार लोटले.

"बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुदिना आहे इथे. डोळे उघडवत नाहीत एवढा."

आबासाहेबांनी कपाटावरोन नाक काढिले.

"तुम्हाला येत नाहीये ना? काहीच?"

नाक दाबले की तोंड उघडते ऐसी जुनी म्हण आहे. आबासाहेबांचे नाक तर कधीचेच दाबले होते. तोंड आज उघडले. मोडक्या खुर्चीवर बसोन बोलले, "ताप आला होता ना मला? तेव्हापासनं. काहीच येत नाही. साबणसुद्धा नाही."

"मग सांगितलं का नाहीत? मी वेड्यासारखी रोज..." आणि सूनबाईंचा आवाज चढला, चढता चढता फुटला. "बाबा, मला खरंच वाटायला लागलं होतं की मला भास होतोय. रात्री उठून कापड हुंगत बसायचे मी."

"चुकलं माझं," आबासाहेब म्हणाले. "नाक राहिलं नाही, पण नाकाचा ताठा राहिला. तुला खोटं पाडलं मी. नाही पाडायला हवं होतं."

बहुत मोठमोठ्या स्वाऱ्यांत ऐसे दोन शब्द बोलावयास कोणी धजत नाही. सूनबाईंनी डोळे पुशिले. पुदिन्याने आलेले पाणी कोणते आणि दुसरे कोणते याची वाटणी करता येईना. मग त्या बोलल्या, "बाहेर आत्ता काही सांगायला नको. म्हणू की तुम्हीच शोधलंत."

"ते मागाहून बघू. आधी सांग, कुठनं येतोय?"

"कपाटाखालनं."

"मग लाव जोर."

आणि मग सासरा एका बाजूस, सून दुसऱ्या बाजूस, ऐसे दोघांनी मिळोन ते कपाट इंच इंच हटविले. जोर सुनेचा, नाक सुनेचे, आणि कोठे काय आहे त्याची याद आबासाहेबांची. खाली लाकडी फळी. फळी उचलली तो जुन्या न्हाणीघराची जाळी. आबासाहेबांनी कपाळावर हात मारिला. तीर्थरूपांच्या वेळी येथे स्नाने होत. त्या जाळीखाली नळास वाकडे वळण, त्या वळणात सदैव पाणी उभे असते, आणि ते पाणीच गटाराच्या वाऱ्यास आत येऊ देत नाही. तोच तेथला पहारेकरी. न्हाणीघर बंद जाहले तरी पुढे धुण्याचे यंत्र येथेच होते, त्याचे पाणी या जाळीत पडे, पहारेकऱ्यास रोजची रसद पोचे. मग त्या यंत्राची घरघर दुपारच्या झोपेच्या आड येते म्हणोन एका मोठ्या माणसाने हुकूम केला की यंत्र गॅलरीत न्या. त्या जागी कपाट आले. रसद तुटली. पहारेकरी ठाण्यावर तहानेने मेला, आणि गनीम उघड्या वेशीतोन वाजत गाजत आत आला.

"तो हुकूम मीच केला होता," आबासाहेब म्हणाले.

सूनबाईंनी एवढ्या सर्व दुःखातही ओठ दाबिले, परंतु हसू त्यांस आवरले नाही, आणि मग आबासाहेबांसही आवरले नाही. बाहेर चिरंजीव दारास कान लावोन उभे होते. आत रडू चालले की हसू हे त्यांस कळेना, म्हणोन त्यांनी सवयीने दोन्हीस मान डोलाविली.

सूनबाईंनी पाण्याची बादली आणिली. जाळीत ओतली. आधी नळाने घटघट केले, मग एक मोठा उसासा टाकिला, मग गप्प जाहला. वरोन आबासाहेबांनी चमचाभर तेल सोडिले, म्हणजे पाणी लवकर वाळू नये. खिडक्या उघडल्या. पुदिना ओसरला, आणि त्यामागे जो येत होता तो आलाच नाही. सूनबाई खोलीभर फिरल्या, भिंतीस नाक लावोन पाहिले, तागा उलगडोन पाहिला, आणि बोलल्या, "गेला." तेव्हां आबासाहेबांनी फत्ते जाहीर केली नाही. फत्ते सूनबाईंनी जाहीर केली.

पानाबहाद्दर गच्चीतोन उतरले, जाळी पाहिली आणि पान्याने पाठ खाजवीत म्हणाले, "मला पहिल्यापासनंच संशय होता इथला." टेम्पो दाराशी येऊन उभा राहिला होता, तो परत पाठविला. गाठोडी सुटली.

सायंकाळी सर्व मंडळी मेजाभोवती बसली. बाईसाहेब कढत सार वाढीत होत्या आणि मोकळ्या नाकाने पतीचा पराक्रम शेजारणीस खिडकीतोनच सांगोन आल्या होत्या. सूनबाई, बोलल्याप्रमाणे, गप्प होत्या. तेव्हां आबासाहेब उभे राहिले आणि सर्वांसमक्ष बोलले की, पुदिना सूनबाईस आला, मला आला नाही. वास पहिल्यापासोन होता, आणि सूनबाई पहिल्यापासोन खरे बोलत होती. मला त्या तापापासोन कशाचाच वास येत नाही, आणि चवही मीठ-साखरेपलीकडे कळत नाही.

चिरंजीवांनी चमचा खाली ठेविला. मग ते बायकोकडे वळोन सर्वांसमक्ष बोलले, "मी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं." तटस्थ संस्थान त्या दिवशी खालसा जाहले.

बाईसाहेब मात्र पळी हातात धरोन पतीकडे वळल्या.

"म्हणजे त्या तापापासनं?"

"हो गं."

"तेव्हापासनं तुम्ही माझ्या जेवणाला एकदासुद्धा नावं ठेवली नाहीत," बाईसाहेब म्हणाल्या. "मी समजत होते, माझ्या हाताला चव आली."

आबासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला, कारण आता खरे बोलण्याची चटक लागली होती.

"आलीही असेल," ते म्हणाले. "मला कसं कळणार?"

त्यावर बाईसाहेबांनी पळी उगारली. खासा स्वारीने खुर्ची मागे सारोन, सूनबाईंच्या पाठीआडोन, अंगणाच्या दारापावेतो शिस्तीत माघार घेतली. सूनबाईंनी मध्ये पडोन रदबदली केली आणि हसता हसता तह घडविला, तो येणेप्रमाणे. घरातील गंधपारखीपद आजपासोन सूनबाईंकडे. दूध, गादी आणि गटार यांचे निकाल त्या देतील. उखडलेल्या दोन फरशा पानाबहाद्दरांनी बसवाव्या, आणि बादली आधी ठेवावी. कोठीतील जाळीत पाणी ओतण्याचे काम आबासाहेबांनी जातीने करावे, कारण त्या कामास नाक लागत नाही. जेवणास नावे ठेवण्याचा अधिकार पुढील हुकूम होईतो कोणासही नाही.

ऐसा तह होऊन आबासाहेब परत मेजावर आले. बाईसाहेबांनी त्यांच्या वाटीत सार ओतले आणि आज प्रथमच, हे काय आहे, कशाचे आहे, वास कसा आहे, हे सारे तोंडाने सांगितले. आबासाहेबांनी डोळे मिटोन ऐकिले आणि वाटी संपविली. हे वर्तमान कन्यारत्नांस कळले पाहिजे. फत्ते जाहली.